वाड्याच्या तुळईचं पेन : पाडकामापासून खिशापर्यंत

कोल्हापुरात मंगळवार पेठेतला एक वाडा उतरवत होते, तेव्हा मी नुसताच बघायला उभा होतो. कडीपाट निघाला होता, वरून माती आणि चुना ढासळत होता आणि जिन्यापाशी तुळईचा हातभर तुकडा आडवा पडला होता. "भावा, बंबात जाणार ते. पायजे तर घेऊन जा," पाडकामवाला म्हणाला. स्कूटरवर पायांपाशी ठेवून तो तुकडा मी उद्यमनगरात आणला आणि त्याची नऊ पेनं केली. पेनं जमवणाऱ्या एका काकांना त्यातलं पहिलं दाखवलं, तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले : घर कुणाचं, आणि लाकूड घरातल्या कुठल्या जागेचं? मला दोन्ही सांगता येईनात. परत गेलो तर तिथं सपाट जागा आणि पत्र्याचं कुंपण. ती पेनं आजही झकास लिहितात, पण त्यांना मी वाड्याची पेनं म्हणत नाही. जुन्या सागाची पेनं, बस्स.

तेव्हापासून माझं काम करवतीने नाही, कागदाने सुरू होतं. अमेरिकेत १९४९ ते १९५२ या काळात व्हाइट हाउस आतून पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं. त्यातून निघालेलं लाकूड, विटा, खिळे लोकांना आठवण म्हणून दिले गेले आणि सोबत धातूची एक छोटी पट्टी असायची : हे १९५० साली काढलेलं मूळ साहित्य आहे, असं सांगणारी. विटेसारखी वीट. तिला विटेपलीकडचं मोल आलं ते त्या पट्टीमुळे.

लाकूड कुणाचं?

पाडकामवाला "घेऊन जा" म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली, असं समजू नका. बऱ्याच वेळा लाकूड त्याच्या ठेक्यातच धरलेलं असतं, तेव्हा त्याचं म्हणणं खरं. पण कधी कधी मालकाने दारं-चौकटी राखून ठेवलेल्या असतात, आणि जुन्या पेठेतल्या वाड्याला मालक तरी एक कुठं असतो? चुलत्या-पुतण्यांचे पाच-सात हिस्से, त्यातला एक पुण्यात, एक मुंबईत. निदान जो ताब्यात आहे त्याच्याकडून साध्या कागदावर दोन ओळी घ्या : कुठल्या घराचं, घरातला कुठला भाग, साधारण किती, तारीख आणि सही. ठेकेदाराचीही सही घेतली तर उत्तम. चहा पिता पिता होणारं काम आहे.

सरकारी, महापालिकेच्या किंवा संरक्षित वास्तूचं लाकूड मात्र रस्त्यावर पडलेलं असलं तरी उचलायचं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह, आणि दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. त्या आठवड्यात मला दोघांनी विचारलं, "तिथलं लाकूड मिळेल का रे, पेनाला?" भावना कळते. पण ती सगळ्या गावाची मालमत्ता आहे, आणि अशा ठिकाणचा कोळसासुद्धा पंचनाम्याचा भाग असतो.

आणखी एक नियम माझा स्वतःचा आहे. गणेशपट्टी, खांबावरचे कोरीव हस्त, कातीव खांब, धड असलेलं दार यांना करवत लावायची नाही. ते कुणीतरी दुसऱ्या घरात जसंच्या तसं बसवू शकतं. पेनाला लागतो बोटभर जाडीचा तुकडा. तो तुळईच्या भिंतीत कुजलेल्या टोकाशेजारी मिळतो, फुटलेल्या कडीत मिळतो, उंबऱ्याच्या झिजलेल्या कडेत मिळतो.

उतरण्याआधी फोटो, उतरल्यावर खूण

शक्य असेल तर लाकूड जागेवर असतानाच फोटो काढा : एक लांबून, एक जवळून. मग त्या तुकड्यावर खडूने नव्हे, पक्क्या मार्करने क्रमांक टाका आणि तोच वहीत लिहा. "सोपा, डावीकडून दुसरा खण, तुळई, रस्त्याकडचं टोक" एवढं पुरे. तुकड्याच्या पेनाएवढ्या चौकोनी कांड्या झाल्या की प्रत्येक कांडीच्या टोकावर तोच क्रमांक पुन्हा लिहायचा. हे विसरलं की महिनाभराने सगळ्या कांड्या एकसारख्या दिसतात.

वय ठरवताना घाई नको. घरफाळ्याच्या जुन्या पावत्या, मालमत्ता पत्रक, खरेदीखत यांतून घराचा माग लागतो. कौलांवरच्या आकड्याने मात्र हमखास फसायला होतं. मंगलोरी कौलावर १८६५ किंवा १८६८ असं ठळक छापलेलं असतं आणि घरमालक अभिमानाने दाखवतात. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा आहे. बेसल मिशनचा कारखाना १८६५ चा, आणि ती कौलं पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा घेऊन निघत राहिली. खिळे बघा : हाताने ठोकलेला खिळा चौकोनी आणि वाकडातिकडा असतो, तारेचा खिळा गोल आणि एकसारखा. पण वाड्याची डागडुजी होतच राहते, म्हणून एका खुणेवर साल ठोकून सांगायचं नाही. "घराची सर्वांत जुनी हाती आलेली पावती अमुक सालची" हे वाक्य "दोनशे वर्षांपूर्वीचा वाडा" या वाक्यापेक्षा जास्त टिकतं.

लाकूड कुठलं आहे हेही बघून लिहा. टोकाकडचा भाग धारदार पटाशीने साफ तासला की सागात मोठ्या छिद्रांची वर्तुळं उघड दिसतात आणि कातड्यासारखा वास येतो. शिसवी जड, काळपट जांभळी. फणस पिवळा असतो आणि वयाबरोबर तपकिरी होतो. आपल्याकडे राधानगरी, भुदरगड, आजऱ्याच्या बाजूचं ऐन, किंजळ, जांभूळही घरांना वापरलेलं असतं, तेव्हा प्रत्येक काळपट लाकडाला साग म्हणून मोकळं होऊ नका. टिंबर मार्केटमधला एखादा जुना माणूस नुसतं हातात घेऊन सांगतो.

खिळ्याभोवतीचा काळा डाग

या कामात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथं आहे, म्हणून जरा थांबतो.

जुन्या तुळईत खिळा असतोच. वरचं डोकं गंजून गेलेलं असतं आणि आत इंचभर लोखंड दडलेलं. माझी पहिली ड्रिल अशीच गेली : कर्र आवाज झाला, धुराचा वास आला आणि बिटाचं टोक निळं पडलं. आता करवतीआधी मोठं चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवतो. ते जिथं ओढ घेतं तिथं खडूची फुली. खोल गेलेला बारीक खिळा चुंबकाला कळत नाही, त्यासाठी भिंतीतली वायर शोधायचं छोटं मेटल डिटेक्टर बरं पडतं.

खिळा काढला की भोक राहतं आणि भोकाभोवती निळसर काळा डाग, रेषांच्या दिशेने लांबट पसरलेला, दिव्याच्या ज्योतीसारखा. लाकडातलं टॅनिन आणि गंजलेलं लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की हा रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं ज्या आयर्न गॉल शाईने दस्तऐवज लिहिले, तिचं रसायन हेच. म्हणजे घराने पावसाळ्यामागून पावसाळे काढत स्वतःच्या अंगात शाई करून ठेवलेली असते. ऑक्झॅलिक अॅसिडने हा डाग जातो आणि काही जण तो घालवतातही. मी घालवत नाही. कांडी कापतानाच बघतो की डाग पेनाच्या मधोमध, बोटांच्या वर दिसेल असा यावा. भोक बुजवायला उद्यमनगरातल्या, धातू कातणाऱ्या टर्नरकडून पितळेचा बारीक कीस चिमूटभर आणायचा, भोकात दाबायचा आणि पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद, वरून सोडायचा. कातल्यावर तिथं सोनेरी ठिपका राहतो.

धुणं, वाळवणं

रंग असेल तर सावध. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही. पाणी मारत खरवडायचा किंवा रंगाचा थर करवतीनेच वेगळा काढायचा, आणि तो भुसा बंबात टाकायचा नाही. वाळवीचे मातकट बोगदे ब्रशने साफ करा. बारीक गोल छिद्रं आणि त्यातून पीठ पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. तसला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून इतरांपासून लांब ठेवा, नाहीतर सरळ टाकून द्या.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या घरांचं लाकूड, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडचं, वेगळ्या हिशेबाने घ्यावं लागतं. गाळाचे बारीक कण तंतूंत शिरलेले असतात. पटाशीची धार दोन मिनिटांत जाते. सागात मुळातच थोडी सिलिका असते, त्यात हा गाळ. आधी तारेच्या ब्रशने आणि पाण्याने धुवा, मग वाळवा.

वाळवणीत माझं एकदा हसं झालं. पावसाळ्यात केलेलं पेन मे महिन्यात मालकाच्या खिशातच उभं चिरलं. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं लाकूड, असं मी धरून चाललो होतो. पण कोल्हापूरच्या जुलैत शंभर वर्षांची तुळईसुद्धा ओल खाते. आता २० मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब अशा कांड्या कापतो, दोन्ही टोकांना मेण लावतो, सावलीत हवेशीर रचतो आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कांडीवरच पेन्सिलीने लिहितो. तीन रविवार वजन हललं नाही की कांडी तयार. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर ८ ते १० टक्के बघा. शहाणा माणूस पावसाळ्यात फक्त कांड्या कापतो आणि कातकाम दिवाळीनंतर करतो.

भोक आणि नळी

पेनाचे धातूचे तयार भाग किटमध्ये येतात आणि किट दोन तऱ्हेची मिळतात. बारीक पेनाला दोन पितळी नळ्या आणि ७ मिलिमीटरचं भोक. जाड पेनाला एकच नळी आणि सुमारे १०.७ मिलिमीटरचं भोक. नवशिक्याला सगळे बारीक पेन सुचवतात, मी एकनळीचं सुचवतो. दोन नळ्यांत कांडी मधून कापावी लागते, आणि तो खिळ्याचा डाग नेमका कापात जातो. किटचं माप बऱ्याचदा इंचात असतं आणि आपल्या दुकानात बिट मिलिमीटरमध्ये, म्हणून आधी भंगार लाकडात भोक पाडून नळी घालून बघा. नळी अलगद सरकली पाहिजे, खुळखुळली नाही पाहिजे.

भोक लेथवरच, म्हणजे कातायच्या यंत्रावरच पाडा. चौकोनी कांडी चार जबड्यांच्या चकमध्ये फिरते, बिट स्थिर राहतं, भोक सरळ जातं. वेग ५०० ते ७०० फेऱ्यांचा. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटका. जुना साग कोरडा आणि ठिसूळ असतो, भुसा अडकून तापला की कांडी उभी फाटते. शिवाय बिट पलीकडे बाहेर पडताना कडा उडवतं. त्यासाठी कांडी दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवून भोक बंद ठेवायचं आणि मग टोक कापून ते उघडायचं.

नळी बाहेरून पॉलिश पेपरने खरखरीत करा. साग तेलकट असतो, म्हणून भोकात अॅसिटोनचा बोळा फिरवून सुकू द्या. नळीची तोंडं कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करा म्हणजे आत गोंद शिरत नाही. बटाट्याची युक्ती मी सांगितली की लोक हसतात आणि मग तीच करतात. दोन भागांचा इपॉक्सी, आपलं अॅराल्डाइट, लावून नळी गोल फिरवत आत घाला आणि रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही तोंडं बॅरल ट्रिमरने, म्हणजे तोंड सपाट करायच्या हत्याराने, नळीच्या पितळेपर्यंत सपाट करा. पितळ चमकलं की थांबायचं. पुढे गेलात तर पेन आखूड होतं आणि रिफीलचं टोक पूर्ण आत जात नाही.

कातणं

मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये फिरणाऱ्या बारीक कांबेवर, कांडी चढवा, दोन्ही बाजूंना बुश (पेनाची जाडी दाखवणाऱ्या कड्या) लावा. मागचं सेंटर आवळताना हात आखडता घ्या. जास्त आवळलं की मँड्रेलची कांब बाक घेते आणि पेन एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लगेच कळतं.

वेग २००० च्या आसपास. आधी गोल पटाशीने चारही कोपरे झाडून घ्या, मधूनच सुरू करून टोकाकडे जा. बुशच्या मापाच्या जवळ आलात की तिरकी पटाशी, हलका हात. चीर दिसली तर लगेच थांबून त्यात पातळ गोंद सोडा, सुकला की पुढे चला. मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे, एन-९५. सागाच्या आणि विशेषतः शिसवीच्या धुळीने अनेकांना खाज, शिंका, दमा होतो.

पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून लांबीच्या दिशेने चार हात मारा, नाहीतर गोल चरे राहतात आणि पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात.

चकाकी किती?

दोन वाटा आहेत. सायनोअॅक्रिलेटचे आठ-दहा पातळ थर दिले तर पेन काचेसारखं चकाकतं आणि घामाने मळत नाही. गोंद टिश्यू पेपरने लावा, सुती फडक्याने कधीच नाही. सुताशी त्याची प्रक्रिया होऊन फडकं हातात तापतं, धूरही येतो.

दुसरी वाट जुन्या सुतारांची : बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक हात, पूर्ण सुकल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) थर, लेथ फिरता ठेवून फडक्याने घासलेले. चमक मंद येते आणि हाताला लाकूड लाकूडच लागतं. चपड्याला सॅनिटायझर चालत नाही, डाग पडतो, हे घेणाऱ्याला सांगून टाका. मी हीच वाट धरतो. शंभर वर्षं हात लागून गुळगुळीत झालेल्या लाकडाला प्लॅस्टिकचं आवरण घालणं मला पटत नाही. पण रोज दिवसभर वापरायचं पेन असेल तर पहिली वाट जास्त टिकाऊ, हेही खरं. बेलतेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा.

जुळणी

भाग दाबून बसवायला व्हाइस पुरतो, फक्त जबड्यांना लाकडी पट्ट्या लावा. फिरवून उघडायच्या यंत्रणेला एकदम पूर्ण दाबायचं नाही. थोडं दाबा, रिफील घालून टोक किती बाहेर येतं बघा, पुन्हा मिलिमीटरभर दाबा. आत गेलेली यंत्रणा बाहेर काढता येत नाही.

शाईचं पेन करायचं असेल तर लाकडात थेट शाई भरू नका, कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी वापरा. झाकणाचे आटेही लाकडात पाडायचे नाहीत, ते झडतात. आत एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची नळी बसवून तिच्यात आटे पाडावेत, एम-१३ चे तीनपदरी आटे हे प्रचलित माप. हे काम टर्नरला सांगा, चहा पाजा, आटे पाडायचा टॅप स्वतःचा घेऊन जा. मधल्या कड्याऐवजी चांदीची कडी हवी असेल तर चांदीकामाचं हुपरी आहेच.

क्रमांक, दाखला आणि देशाबाहेर

प्रत्येक पेनासोबत मी एक कार्ड देतो : घर कुठल्या पेठेतलं (मालकाची परवानगी असेल तरच नाव), लाकडाचा प्रकार, घरातला भाग, उतरवल्याचा महिना आणि साल, वयाचा पुरावा काय, एकूण किती पेनं झाली आणि हे कितवं. मागे लाकूड जागेवर असतानाचा फोटो. एकूण आकडा एकदा लिहिला की त्या तुळईचं आणखी पेन करायचं नाही, उरलेली कांडी कितीही सुरेख असली तरी.

परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचं असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात शंभर वर्षांहून कमी नाही अशी, इमारतीपासून सुटी झालेली वस्तूही येते, आणि अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा, ही पुरावस्तू नाही असा दाखला तिथून मिळतो. शिसवीची गोष्ट आणखी वेगळी. ती डाल्बर्जिया वंशातली, आणि २०१७ पासून या वंशाची जवळपास सगळी झाडं साइट्स या, धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा पार्सल करण्याआधी त्याचे नियम बघावेत. सागाला ती अट नाही.

पहिल्या क्रमांकाचं पेन नेहमी घरवाल्यांना. शिवाजी पेठेतल्या एका आजींना त्यांच्याच माजघराच्या चौकटीचं पेन नेऊन दिलं, तर त्यांनी ते नाकाजवळ नेलं, खिळ्याच्या डागावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हितंच पाळण्याची दोरी बांधायचो की रे." मग कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडून बघितला. चार महिन्यांनी नातवाचा फोन आला, पेन लिहीत नाही म्हणून. काही बिघडलं नव्हतं, रिफील संपलं होतं आणि त्या किटचं बारीक रिफील गावात कुठं मिळेना. मी ऑनलाइन मागवून नेऊन दिलं. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते पार्करच्या मापाचं रिफील बसत नसेल, तर ते किट मी घेत नाही.